सैतान असता तर

चंद्रकांत हुपरीकरांनी उभ्या आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. कोल्हापूरकडचा माणूस, तरीही नाही. शिकून बेंगळुरूला आले, सरकारी संशोधन संस्थेत छत्तीस वर्षं रडारच्या अँटेनांवर काम केलं, बसवनगुडीत तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि या सगळ्या काळात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. रिक्षावाल्यानं भलत्याच वळणावर उतरवलं तरी 'असू दे, तेवढंच चालणं होईल' म्हणायचे. त्यांची बायको नयना शाळेत गणित शिकवायची. तिचा आवाज मात्र तीन वर्ग ओलांडून जायचा. 'आमच्या ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे गादीवर दगड मारायचा,' असं नयनाताई स्टाफरूममध्ये सांगायच्या, आणि त्यात तक्रारीपेक्षा फुशारकीच जास्त असायची.

म्हणून मिरजेहून त्यांची थोरली बहीण गेल्याचा फोन आला, आणि ते ऐकून चंद्रकांत हसले, तेव्हा नयनाताईंना वाटलं की आपल्यालाच काही भलतं ऐकू आलं. हसले म्हणजे ओठ वाकडे झाले असं नाही. पोट धरून हसले. "गेली का! गेली का!" असं दोनदा म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

पुढच्या दीड वर्षात घराची पार रया गेली. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या बाईंच्या हातातलं केळं हिसकावून ते सालासकट खाऊ लागले. गॅलरीतल्या कुंडीत लघवी करू लागले. नयनाताई आंघोळ घालायला गेल्या की अशा शिव्या द्यायचे, की त्यातल्या काहींचा अर्थ त्यांना ठाऊकच नव्हता. एकदा चावले. चाळीस वर्षं ज्या माणसानं मुंगीला पाय लागू दिला नाही, त्याच्या दातांचा ठसा दंडावर घेऊन त्या औषधाच्या दुकानात उभ्या राहिल्या आणि "कुत्रा चावला" म्हणाल्या.

डॉक्टरनं मेंदूची फिल्म उजेडावर धरून दाखवली. कपाळामागचा भाग आकसत चालला होता. "स्वभाव, लाज, माया, सगळं इथं असतं," तो म्हणाला. "हे वाढत जाणार. औषध आहे ते शांत झोप लागण्यापुरतं."

नयनाताईंनी विचारलं, "म्हणजे हे जे बोलतात, ते ह्यांच्या मनातलंच असतं का?"

डॉक्टर दमलेला होता. सकाळपासून विसावी फिल्म पाहत असेल. "दुसऱ्या कुणाच्या मनातलं असणार?" तो म्हणाला.

वाईट हेतूनं बोलला नाही बिचारा. पण ते वाक्य नयनाताईंच्या जिवाला असं लागलं की उठता बसता सलत राहिलं.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात नवऱ्याविषयी बोलताना त्या 'हे' म्हणायच्या, तोंडावर 'अहो'. आता मनातल्या मनात त्या 'तो' म्हणू लागल्या. तो उठला. त्यानं ताट फेकलं. ठरवून नव्हे, आपोआप तसं होत गेलं. तोंडावर तर त्यांनी काही म्हणणंच सोडून दिलं होतं. "चला", "उठा", "गिळा आता", एवढंच.

दिवसा सांभाळायला फिलोमिना यायची. आनेकलहून सकाळची पहिली बस धरून यायची, पाच वाजता परत निघायची. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी बाई. नयनाताईंच्या बाजारी कन्नडवर दोघींचं भागायचं. दुपारी जेवण झालं की ती म्हणायची, "अम्मा, तुम्ही स्वल्प बाहेर जाऊन या. मी आहे." तेवढा तास नयनाताईंचा.

त्या तासात त्या गांधी बाजारच्या मागल्या गल्लीत त्रिविक्रमांच्या लायब्ररीत जायच्या. त्रिविक्रम सत्तरीचे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं त्यांचं घराणं. मराठी बोलायचे ती अशी की अर्धी कन्नडच वाटावी, पण ती त्या घराण्यानं चारशे वर्षं सांभाळली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. भाड्यानं पुस्तकं देणारी अशी दुकानं शहरातून एकेक करून उठली होती. त्यांचंही महिनाअखेर बंद होणार होतं.

"अक्का, खुनाची सगळी संपली तुमची," एक दिवस ते म्हणाले. "आता हे शेवटचं कपाट तेवढं आहे. बघा."

कपाटात शंभरेक इंग्रजी पुस्तकं होती. काळी कव्हरं, त्यांवर क्रूस, पेटलेली चर्चं, बर्फातली घरं, अंधारातून बघणारे डोळे.

"भुताखेतांची?" नयनाताईंनी नाक मुरडलं.

"भुताचीच. पण यात देव आहे, अक्का. क्रिस्ती लोकांची आहेत ही. सैतान येतो, सगळं घर उलथंपालथं करतो, पण शेवटी देव येतोच. लई खप होता यांचा."

"कोण वाचतं असलं?"

त्रिविक्रमांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "फ्रेझर टाउनहून एक नर्सबाई यायच्या. एक पोलीसमामा होते, त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. एक कॉलेजातली मुलगी होती, तिचा भाऊ पिऊन मारायचा तिला. त्यांतले निम्मे आपलेच, चर्चची पायरी न चढलेले. मी चाळीस वर्षं बघतोय. ज्यांच्या घरी सगळं सरी, म्हणजे ठीक, आहे ते खुनाच्या गोष्टी नेतात. ज्यांच्या घरी सरी नाही, ते ही नेतात."

 नयनाताईंनी एक पुस्तक उचलून पिशवीत टाकलं आणि त्या घरी आल्या.

त्या पुस्तकात बर्फाळ मुलखातला एक सुतार होता. देवभोळा, हाताचा सरळ, मुलांना लाकडी घोडे करून देणारा. एका हिवाळ्यात तो बदलतो. जेवणाच्या टेबलावर बायकोला, मार्थाला, घाणेरडं बोलतो. सासू मेल्याचं ऐकून हसतो. नयनाताईंनी पुस्तक उलटं ठेवलं, उठून पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. डॉक्टर येतात, हात टेकतात. मग गावातला म्हातारा पाद्री सुताराच्या डोळ्यांत बघतो आणि मार्थाला बाजूला घेऊन सांगतो, "मुली, जो तुझ्याशी असं बोलतो आहे, तो तुझा नवरा नाही."

गॅलरीत खुर्चीवर बसल्या जागी नयनाताई रडू लागल्या. किती तरी महिन्यांनी. आत चंद्रकांत चमच्यानं वाटी बडवत होते आणि फिलोमिना त्यांना लहान मुलासारखं दटावत होती.

महिन्याभरात त्यांनी तशी चौदा पुस्तकं वाचली. सगळ्यांचा साचा एकच आहे, हे गणिताच्या बाईंच्या लक्षात यायला तीन पुस्तकं पुरली. चांगला माणूस बिघडतो. शास्त्र हरतं. पाद्री आधी मानत नाही. दोन तृतीयांश पुस्तक सरलं की मानतो. मग तो क्रूस हातात धरून उभा राहतो आणि विचारतो, 'तुझं नाव काय? नाव सांग.' सैतान टाळतो, खोटं बोलतो, पण नाव सांगावंच लागतं, आणि एकदा नाव सांगितलं की त्याचं बळ सरतं. मग 'निघ' म्हटलं की निघावं लागतं. शेवटच्या पानांत माणूस डोळे उघडतो, पाणी मागतो, आणि बायकोला तिच्या नावानं हाक मारतो. ती पानं नयनाताई दोन दोनदा, चार चारदा वाचायच्या. भीतीची पानं त्यांना भीतिदायक वाटतच नव्हती. खाट हलते, भिंतीतून आवाज येतात, खोली गार पडते. ते सगळं त्या भाजी निवडावी तसं भराभर उरकायच्या. त्यांना शेवट हवा असायचा.

त्यांच्या देव्हाऱ्यात गणपती होता, अंबाबाई होती, दिवा रोज लागत होता. त्या देवांविषयी त्यांची तक्रार नव्हती. पण तिथून एकच उत्तर यायचं: भोग आहेत, भोगून संपवायचे. ही पुस्तकं म्हणत होती, हे भोग नव्हेत, ही घुसखोरी आहे. कुणीतरी बाहेरून आत शिरलंय आणि त्याला बाहेर काढता येतं.

रविवारी एचएसआर लेआउटहून ऋचा आली. त्यांची एकुलती एक मुलगी, एका स्टार्टअपमध्ये मोठ्या हुद्द्यावर. वडिलांच्या खोलीत डोकावली, "हाय बाबा" म्हणाली, दारातूनच परतली. मग सोफ्यावरची पुस्तकं तिला दिसली. एक उचललं, मागचं कव्हर वाचलं.

"आई, हे काय आहे?"

"गोष्टी आहेत."

"एक्झॉर्सिझमच्या? सीरियसली? तू गणित शिकवायचीस!"

"मग? गणितवाल्यांनी गोष्टी वाचू नयेत का?"

"गोष्टी वाच ना. पण तू अंडरलाइन केलंयस, आई." ऋचानं पान उघडून समोर धरलं. 'जो तुझ्याशी असं बोलतो आहे तो तुझा नवरा नाही' या वाक्याखाली पेन्सिलीनं पट्टी लावून सरळ रेघ ओढली होती. "बाबांना आजार आहे. नाव आहे त्या आजाराला. तू स्वतः रिपोर्ट वाचलायस."

"वाचलाय. त्यात ते परत येतील असं कुठंच लिहिलेलं नाही."

ऋचाचं तोंड रडवेलं झालं. पण ती रडली नाही. मीटिंग आहे म्हणत बॅग उचलून नेहमीसारखी चारच्या आधीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नयनाताईंनी फिलोमिनाला विचारलं, "तुमच्या चर्चचे फादर कसे आहेत?"

फिलोमिना कपडे वाळत घालत होती. तिनं पुस्तकं पाहिली होती, कव्हरावरची चित्रंही. "चांगले आहेत," ती सावधपणे म्हणाली. "पण अम्मा, ते तसलं काही करत नाहीत."

"भेटायला काय हरकत आहे?"

पुढच्या रविवारी टॅक्सी करून त्या दोघी चंद्रकांतांना घेऊन आनेकलच्या पलीकडच्या एका लहानशा चर्चमध्ये गेल्या. ऋचाला त्यांनी कळवलं नाही. प्रार्थना होऊन लोक पांगले होते. फादर चाळिशीचे, बुटके, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. पुस्तकातल्या उंच, पांढऱ्या केसांच्या पाद्र्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. त्यांनी आधी रिपोर्ट मागितला. सगळी पानं वाचली. चंद्रकांतांशी बोलले, त्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ डोळे मिटून बसले.

मग ते नयनाताईंना म्हणाले, "अम्मा, हा आजार आहे."

"पुस्तकातले फादर आधी असंच म्हणतात," नयनाताईंच्या तोंडून निघून गेलं. "मग शेवटी त्यांना पटतं."

फादर हसले. मग त्यांना दिसलं की समोरची बाई हसत नाही, आणि ते गंभीर झाले. "ती पुस्तकं मीही वाचली आहेत. सेमिनारीत, पाद्री व्हायचं शिकत असताना, लपवून वाचायचो. मला त्यांत काय आवडायचं सांगू? त्यांत पाद्री जिंकतो. इथं मी रोज लोकांना माती देतो, अम्मा. गेल्या महिन्यात सहा वर्षांची मुलगी होती. कुणाला हाकलू?"

"एकदा करून बघायला काय जातं?"

"ओरडता मलाही येतं. पण यांना मी ओरडलो तर ते यांनाच ऐकू जाईल. दुसरं कुणी नाही तिथं ऐकायला."

 नयनाताईंचं लक्ष नव्हतं आता, कारण त्या भलतीकडेच बघत होत्या. वेदीजवळ माइकची लांबलचक वायर गुंतून पडली होती. चंद्रकांत खाली बसून ती सोडवत होते. एकेक पीळ उलगडत, मनगट आणि कोपर यांच्यावरून वेढे घेत, घाई न करता. पाच मिनिटांत त्यांनी वायरीचं गोल, नीटस वेटोळं करून पायरीवर ठेवलं. शिवी नाही, थुंकणं नाही. दीड वर्षात असे शांत ते एकदाही बसले नव्हते.

छत्तीस वर्षं हातानं केलेलं काम होतं ते. हात विसरले नव्हते, एवढंच. फिलोमिनाला ते कळलं. टॅक्सीत ती म्हणालीसुद्धा, "साहेबांचे हात बघितले? किती छान." पण नयनाताईंच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. चर्चमध्ये पाऊल टाकताच तो शांत झाला. घाबरला. म्हणजे आत कुणीतरी आहे.

त्या गुरुवारी फिलोमिनाच्या घरी पाहुणे यायचे होते, तिनं सुट्टी घेतली होती. दुपारी साडेबाराला नयनाताईंनी ताट वाढलं. वरण-भात, मऊ केलेली पोळी. चंद्रकांतांनी दोन घास खाल्ले, तिसरा नयनाताईंच्या तोंडावर थुंकला, आणि ताट उचलून भिंतीवर मारलं. वरण भिंतीवरून ओघळू लागलं. ते बघून ते हसले, तसंच, पोट धरून.

नयनाताईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना राग आला नव्हता. उलट डोकं विलक्षण स्वच्छ झाल्यासारखं वाटत होतं. त्या उठून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. क्रिस्ती देवाच्या नावानं सैतानाला निघायला सांगणारं पुस्तकातलं इंग्रजी वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. पहिले तीन शब्द उच्चारले आणि जीभ अडली. ज्याच्या नावानं आज्ञा द्यायची, तो आपला कोण लागतो? आपण त्याच्या दारात कधी गेलो? मग त्या मराठीत बोलल्या.

"कोण आहेस तू?"

चंद्रकांत हसायचे थांबले.

"कोण आहेस? नाव सांग."

ते नुसते बघत राहिले. नयनाताईंनी शाळेतला आवाज काढला, तीन वर्ग ओलांडून जाणारा. "तुला विचारतेय मी! नाव सांग! तुझं नाव काय?"

चंद्रकांत खुर्चीचा हात धरून उठले. उभं राहताना लटपटले, सावरले. हाताला लागलेला भात पायजम्याला पुसला. दोन्ही हात शरीराशी सरळ ठेवले, आणि मुलाखतीला आलेल्या पोरासारखे समोर बघत म्हणाले,

"चंद्रकांत वामन हुपरीकर."

 पण इतक्या लांब येऊन थांबणं नयनाताईंना जमलं नाही. चौदा पुस्तकं त्यांना मागून ढकलत होती.

"खोटं!" त्या ओरडल्या. "निघ! निघ इथून! चालता हो माझ्या घरातून!"

चंद्रकांतांनी मान हलवली. दोनदा, समजल्यासारखी. मग ते वळले, भिंतीला हात लावत दाराकडे गेले. चपला शोधल्या. डाव्या पायात उजवी, उजव्या पायात डावी, अशा अंगठे वाकडे करून चढवल्या. कडीशी त्यांची बोटं बराच वेळ चाळवली. कडी उघडायची कशी हे हातांनाही आठवेना.

मागे न बघता ते म्हणाले, "बाई, मी जातो. पण ही कडी निघत नाही."

नयनाताई जागच्या जागी खाली बसल्या.

"कडी काढून देता का, बाई?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग जरा वेळानं, हळू आवाजात, "कुठं जायचं?"

नयनाताई रांगतच दाराशी गेल्या. त्यांचे पाय धरले, चपला काढल्या, पावलांवर डोकं टेकलं. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, कुठं नाही जायचं. तुमचंच घर आहे. मी चुकले हो. मी चुकले." दीड वर्षांत पहिल्यांदा नयनाताईंनी त्यांना हाक मारली होती. त्यांना ती कळली की नाही, कोण जाणे. ते कडीकडेच बघत राहिले. शेवटी नयनाताईंनी त्यांना धरून पलंगावर नेलं, आणि सगळी दुपार त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. चंद्रकांतांनी पाणी मागितलं नाही. नावानं हाकही मारली नाही. वरण भिंतीवर वाळून गेलं.

सैतान असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना त्या दुपारी वाटत राहिलं. सैतानाला शिव्या देता आल्या असत्या. त्याचा तिरस्कार करता आला असता. मागचं दीड वर्ष त्यांनी ज्याचा तिरस्कार केला, 'गिळा' म्हणून ज्याच्यासमोर ताट आदळलं, ज्याला आंघोळ घालताना मुद्दाम गार पाणी एकदा, फक्त एकदाच, ओतलं, तो सगळा वेळ तिथंच होता. आकसलेला, अर्धामुर्धा, पण तोच. मान ठेवून बोलावं असा माणूस, आणि त्याला त्यांनी परका म्हणून वागवलं होतं.

शुक्रवारी फिलोमिना आली. भिंतीवरचा डाग पाहिला, नयनाताईंचे सुजलेले डोळे पाहिले, आणि काही विचारलं नाही. नयनाताईंनीच सगळं सांगितलं. फिलोमिनानं ऐकून घेतलं. "फादरांनी सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही. पण मग तिनं फडकं ओलं करून भिंत पुसायला घेतली, आणि खालचा भाग नयनाताईंना पुसायला ठेवला.

त्यानंतर चंद्रकांत नऊ महिने जगले. ते सुधारले नाहीत. शिव्या कमी झाल्या त्या बोलणंच कमी झालं म्हणून. नयनाताई त्यांना "अहो" म्हणत राहिल्या, घास देताना कुठली भाजी आहे ते सांगत राहिल्या. त्यांच्या हातात उलगडायला दोरीचे गुंते देऊ लागल्या. मग तेही त्यांना येईना. फेब्रुवारीत घास श्वासनळीत गेला, न्यूमोनिया झाला, आणि सहाव्या दिवशी सकाळी दवाखान्यात ते गेले. शेवटी ते नयनाताईंकडे बघत होते असं फिलोमिना म्हणाली. नयनाताईंना तसं वाटलं नव्हतं. ते खिडकीकडे बघत होते.

तेराव्यानंतरच्या रविवारी ऋचा आली. फिलोमिनाच्या चर्चनं चालवलेल्या वृद्धाश्रमात कपडे द्यायचे होते. मायलेकी कपाट उघडून पलंगावर शर्टांच्या घड्या घालत बसल्या. पांढरे, फिकट निळे, बारीक चौकड्यांचे. ऑफिसचे शर्ट ते स्वतः इस्त्री करायचे.

"मी तुझ्यावर चिडले होते ना, त्या पुस्तकांवरून," ऋचा म्हणाली.

"बरोबर होतं तुझं." आणि मग नयनाताईंनी तिला त्या गुरुवारची गोष्ट सांगितली. काही वगळलं नाही. गार पाणीही सांगितलं. सांगताना मुलीच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना म्हणून शर्टाची एकच बाही पुन्हा पुन्हा सारखी करत राहिल्या.

ऋचानं हातातला शर्ट मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आई, मी नेहमी चारच्या आत का निघायचे, माहितीये? मीटिंग वगैरे काही नसायची. मला बाबांची भीती वाटायची."

नयनाताईंनी वर पाहिलं.

"एकदा तू केमिस्टकडे गेली होतीस. त्यांनी माझा हात धरला, सोडेचनात. मी कसाबसा सोडवून घेतला आणि त्यांना बाथरूममध्ये ढकलून बाहेरून कडी लावली. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होते. तू गेटमधून येताना दिसलीस तेव्हा उघडलं." तिनं मांडीवरच्या शर्टाची घडी मोडली. "मला वाटलं होतं, आत आदळआपट चालली असेल. ते नुसते उभे होते. नळाला हात लावून. मी दार उघडलं तर मला 'थँक यू' म्हणाले."

बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. नयनाताईंना पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात उचलेना. त्या क्षणी ते दोघींपैकी कुणालाच सोसलं नसतं. त्या नुसत्या थोड्या सरकून बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतपत.

"मी कुणालाच सांगितलं नाही, आई."

"आता सांगितलंस."

"तू मला काही बोल ना."

"काय बोलू, बाळा?" नयनाताई म्हणाल्या. "मला तरी कोण काय बोललं?"

ऋचानं नाक पुसलं. ढिगातला पुढचा शर्ट ओढला, निळ्या रेघांचा. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. द्यायचा तर बटण लावून द्यायला हवा, असं ती म्हणाली, आणि सुईदोऱ्याचा डबा आणायला उठली.